खाली फरशी होती

प्रिय दीपमाला,

अनेक आशीर्वाद. हे पत्र सुलाबाईच्या हातून पाठवतोय. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दाखवायला मिरजेला जावं लागतं, म्हणून म्हटलं, जाता जाता सांगलीत उतर आणि तालमीवर पोरीला एवढं देऊन ये. तिला वाचता येत नाही आणि वर काळा चष्मा, तेव्हा वाटेत कोणी पत्र वाचेल ही काळजी मिटली. पत्राबरोबर तुपाची बरणी आहे, शेंगदाण्याचे लाडू आहेत आणि तुझी निळी बॅग आहे. लाडू मैत्रिणींना वाट. पत्र मात्र एकटी असताना वाच, आणि संध्याकाळची मेहनत झाल्यावर वाच. आधी वाचलंस तर सरावात लक्ष राहणार नाही.

तू म्हणशील, आबांनी फोन का केला नाही. एक तर वस्ताद रविवारशिवाय तुमच्या हातात मोबाइल देत नाहीत, आणि रविवारपर्यंत थांबून भागणार नाही. का ते शेवटी लिहितो. दुसरं म्हणजे फोन लागला की मी ओरडतो. तुझी आई म्हणते, "तुमी फोन कशाला लावता? गच्चीवर जाऊन नुसतं बोला, सांगलीला ऐकू जातंय." फौजेत होतो तेव्हा तुला पत्रं लिहायचो, आठवतं का? अक्षरं सुटी सुटी काढायचो, म्हणजे तुला बोट ठेवून वाचता यावं. त्या पत्रांत मी कधी ओरडलो नाही. आजही ओरडायचं नाही, म्हणून कागद घेतला.

घरचं म्हणशील तर म्हैस व्याली, रेडी झाली. रेडी तुझ्यासारखीच आडदांड आहे, दोन माणसांना धरावी लागते. ऊसतोडीची टोळी उशिरा आली, पण वरचा फड मोकळा झाला. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. वाढलंय, जेवा. पाणी तापलंय, उठा. यापुढे गाडी जात नाही. दिवाळीपासून असंच चाललंय, आणि जत्रेपासून तेही कमी झालंय.

दिवाळीचं मी आधी लिहितो. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तू सांगलीहून घरी यायला निघालीस आणि कराडच्या स्टँडवर गाडी बदललीस. रहिमतपूरच्या एसटीत दारातून चढून दाराशेजारच्याच मोकळ्या जागेवर बसलीस. त्या जागेवर कुणीतरी बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून ठेवला होता, तो तुला दिसला नाही. मग तो रुमालवाला आला. आपल्या पलीकडच्या वाडीचा मल्हार, आप्पासोचा मुलगा, बरोबर चार टगे. त्यानं तुला उठ म्हटलं, तू उठत होतीसच, तेवढ्यात त्यानं तुझ्या खांद्याला धक्का दिला आणि बॅग उचलून खिडकीतून बाहेर स्टँडच्या फरशीवर फेकली. "पैलवान हाय न्हवं? जा, उचल जा." तू एकदा त्याच्याकडे बघितलंस, खाली उतरलीस, बंद तुटलेली बॅग उचललीस आणि मागच्या गाडीनं आलीस. एवढंच झालं. पण गाडीत आपल्या गावचं एक पोरगं मोबाइल धरून बसलं होतं. तुझी एसटी रहिमतपुरात पोचायच्या आधी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर पोचला, वर लिहिलेलं, "वाघीण निघाली मांजर." मी केस कापायला बसलो होतो. अर्धं डोकं कापलेलं, आणि न्हावी, गिऱ्हाईकं, सगळे मोबाइलमध्ये बघून एकदम गप्प झाले. मला त्या गप्प बसण्याचा राग आला. कोणी हसलं असतं तर मी तिथंच एकाला आडवा केला असता आणि तुझ्यावरचं संकट टळलं असतं.

तू दारात आलीस तेव्हा मी उंबऱ्यावरच उभा होतो. लालाकाका होता, काकू होती, फराळाला आलेली माणसं होती. मी तुला आत येऊ दिलं नाही. जे बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. दूध, तूप, बदाम सगळं गटारीत गेलं म्हणालो. पैलवान नाही, मेंढरू पाळलं म्हणालो. तुझं नुसतं वजन त्याच्यावर पडलं असतं तरी तो उठला नसता, मग हात का उचलला नाहीस, म्हणून विचारलं. तू बॅग पोटाशी धरून उभी होतीस. एकच वाक्य बोललीस. "आबा, खाली फरशी हुती."

मी हसलो, दीपमाला. फरशीला भ्याली म्हणून मी मोठ्यानं हसलो, आणि मी हसलो म्हणून लाला हसला, आणि मग सगळेच हसले. तू भाऊबीजेचीसुद्धा वाट न बघता बाजाराच्या पिशवीत कपडे कोंबून परत गेलीस. तुटकी बॅग खुंटीला तशीच राहिली. मी तेव्हा तुझी लाज वाटते असं चार माणसांत बोलून दाखवलं. खरं तेच होतं. मला माझ्या पोरीची लाज वाटत होती.

चूक माझी एका दिवसाची नाही. तू लहान होतीस तेव्हा रजेवर आलो की मी तुला माझ्या मारामाऱ्या गोष्टी म्हणून सांगायचो. पठाणकोटच्या कँटीनमध्ये कोण काय बोललं आणि मी त्याला कसा टेबलावरून पलीकडे टाकला. वाठारच्या स्टेशनवर तिघांना कसं लोळवलं. बाकीची पोरं टाळ्या पिटायची. तू विचारायचीस, "आबा, मग तो कशावर पडला? त्याला लागलं का?" मी म्हणायचो, गोष्टीत लागत नसतं. खरं म्हणजे त्या कँटीनमधल्या माणसाचे दोन दात गेले होते आणि मला शिक्षा झाली होती. ते मी गोष्टीत कधी घातलं नाही. कुणी डिवचलं आणि मी पाठ फिरवून निघून आलो, अशी एकही गोष्ट माझ्याकडे नव्हती. तुला ती सांगणार कुठून?

गोठ्यामागं मी तुझ्यासाठी हौदा खणला, तांबडी माती आणली, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळली. तुझी आई म्हणाली, "ताकाची कढी केली असती तर चार दिस पुरली असती." तिथं तुला पहिला डाव शिकवला तो पट. वाकून समोरच्याच्या पायांत शिरायचं आणि त्याचे पाय कवळून त्याला उचलायचं. तू शिरलीस की मी तुझ्या डोक्यावर टपली मारायचो, कारण तू खाली बघायचीस. मान वर, मान वर, पायांत शिरताना नजर समोरच्याच्या छातीवर, मान खाली गेली की संपलीस. हे मी तुला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. हे लक्षात ठेव, मी परत इथं येणार आहे.

आता जत्रेचं. तुझ्यापर्यंत बातमी आलीच असेल, पण ती लालाकाकानं पोचवलेली असेल. पलीकडच्या वाडीची पौषातली जत्रा, कुस्त्यांचं मैदान, आणि मला पंच म्हणून बोलावणं. मी जायलाच नको होतं. तुझी आई म्हणाली, "त्या पोराचं गाव हाय, डोसकं थंड ठेवा, न्हाईतर घरीच बसा." मी म्हटलं, मान आलाय तो नाकारायचा कसा. खरं सांगू का, मला तो पोरगा बघायचा होता. त्याला काही करायचं असं ठरवून गेलो नव्हतो, पण तो दिसावा असं वाटत होतं, आणि त्यानं माझ्यासमोर काहीतरी आगळीक करावी असंही वाटत होतं.

मैदान सुरू व्हायच्या आधी पंचांना फेटे बांधायला देवळासमोर उभं केलं होतं. देवळापुढं आता सगळी फरशी घातलीय, नवी, गुळगुळीत. सगळे अनवाणी. हलगी जोरात. माझा फेटा बांधून झाला आणि गर्दीतून आप्पासो येताना दिसला. पाण्याच्या टाकीवर काम करणारा साधा माणूस, त्याला मी तोंडओळखीनं ओळखतो. त्याच्या पुढं मल्हार. व्हिडिओत बघितलेलं तोंड मी लगेच ओळखलं. आप्पासो काहीतरी बोलत होता, हलगीत ऐकू आलं नाही. पोरगा माझ्यासमोर आला आणि वाकून माझ्या पायांकडे झेपावला.

पुढचं माझ्या हातांनी केलं. एक हात त्याच्या मानेवर पडला, दुसरा काखेत गेला, कंबर फिरली. इतक्या वर्षांनी तो डाव इतका सुरेख बसला की बघणाऱ्यांनी आरोळी ठोकली. हलगीवाल्यालाही वाटलं कुस्तीच लागली, त्यानं ठेका वाढवला. मग मल्हार ओरडला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला होता, त्याच्या ओरडण्याआधी. हलगी थांबली. आप्पासो फरशीवर गुडघे टेकून बसला आणि माझ्याकडे वर बघून म्हणाला, "आवं हवालदार, पाया पडायला आणला हुता त्याला."

 लालाच पुढं आला. "पाया कसला पडतोय! पट काढला त्यानं! दादांच्या पायांत शिरला, सगळ्यांनी बघितलंय!" माझ्याबरोबरच्या दोघा म्हाताऱ्या पैलवानांनी मान डोलावली. त्यांना तसं दिसलं असेल. पैलवानाला वाकलेला माणूस दिसला की आधी पटच दिसतो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली, हो म्हणून. गावात आता तीच गोष्ट झालीय. पोरांनी नवा व्हिडिओ टाकलाय, त्याच्यावर लिहिलंय, "बाप बाप असतो." न्हाव्यानं माझ्याकडून पैसे घेतले नाहीत.

मल्हारची फौजेच्या भरतीची धाव झाली होती. पास झाला होता. मेडिकल राहिलं होतं, ते आता हुकलं. डॉक्टर म्हणतात हाड जुळेल, वय आहे, पुढच्या खेपेला उभा राहू शकेल. आप्पासोनं लगेच फिर्याद दिली नाही. तुझी आई सांगते, तो बरेच दिवस वाट बघत होता, आमच्याकडून कोणी भेटायला येतंय का. कोणी गेलं नाही, तेव्हा तो ठाण्यात गेला. आता माझ्यावर गुन्हा दाखल आहे.

कोणी गेलं नाही असं लिहिलं, पण मी गेलो होतो. कुणाला न सांगता मोसंबी घेऊन कराडला दवाखान्यात गेलो. वॉर्डाच्या दारातून बघितलं, तर आप्पासो पोराच्या शर्टाची बटणं लावून देत होता. पोराचा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं त्यानं बापाचा खांदा धरला होता. आत जायला चार पावलंसुद्धा नव्हती. मोसंबी बाहेरच्या बाकावर ठेवली आणि आलो निघून. तूही निघून आली होतीस आणि मीही आलो, पण तू काय करून आलीस आणि मी काय करून आलो, हा विचार परतीच्या एसटीत माझ्या डोक्यातून जाईना. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर मला गावाचं नाव सुचेना.

पोरी, आता जिथं परत येणार म्हणालो होतो तिथं आलोय. हे मी तुझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मल्हारची मान खाली होती. पट काढायला येणारा माणूस छातीकडे बघतो. मल्हार माझ्या पायांकडे बघत होता, आणि मी त्याला हात लावला त्याच्या आधी त्याची बोटं माझ्या अंगठ्याला लागली होती. थंडगार होती, पोरगं घाबरलेलं होतं. बाकी कुणाला दिसलं नसेल, पण मला कळलं होतं. जेवढा वेळ डाव बसायला लागतो तेवढ्या वेळात मला पुरतं कळलं होतं की हा पाया पडतोय, आणि तरीही मी हात थांबवला नाही. उंबऱ्यावर तुझ्याकडे बघून मी हसलो ते हसू, न्हाव्याच्या दुकानातलं ते गप्प बसणं, सगळं त्या पोराच्या मानेवर टाकलं. तुला कराडच्या स्टँडवर धक्का खाल्ल्यावर आणि बॅग बाहेर गेल्यावरसुद्धा पायाखाली काय आहे ते दिसलं. पडणाऱ्याला लागू नये म्हणून हौद्यात मऊ माती मीच घातली होती, आणि मला देवळापुढची फरशी दिसली नाही. मला माझी लाज वाटते. कुठल्या शब्दांत लिहायची ते कळत नाही, म्हणून सरळ लिहिली.

आता हे पत्र का, ते. रविवारी लालाकाका तालमीवर येणार आहे. त्यानं वकिलाकडून तुझा जबाब टाइप करून घेतलाय, तुझी फक्त सही हवी. त्यात लिहिलंय की मल्हारनं एसटीत तुझा हात धरला, तुला मारलं आणि "तुझ्या बापाचं पाय मोडीन" अशी धमकी दिली. म्हणजे जत्रेत तो माझ्या पायांवर आला ते मोडायलाच, असं सिद्ध होतं. लाला म्हणतो, "दादा, हे बसलं की आप्पासो आपणहून फिर्याद मागं घेतोय बघ." घेईलही, कारण असा गुन्हा नावावर लागला की त्या पोराला फौज कायमची बंद, मग हाड जुळो नाहीतर न जुळो. लाला तुझ्यापुढं रडेल. तो वाईट माणूस नाही, भावासाठी करतोय. म्हणेल, तुझा बाप तुरुंगात जाईल, तुझ्यासाठीच त्यानं हात उचलला. ते ऐकू नकोस. तुझ्यासाठी नाही उचलला, तुझं नाव घेऊन उचलला. बसमध्ये जे झालं ते वाईटच होतं आणि त्याची तुला तक्रार करायची असेल तर खुशाल कर, जेवढं झालं तेवढं लिहून कर, मी तुझ्याबरोबर येईन. पण माझ्यासाठी एक अक्षर वाढवू नकोस. उद्या सुलाबाई तुझ्याकडे यायला गाडीत बसली की मी आधी आप्पासोच्या घरी जाणार आहे आणि तिथून ठाण्यात. विचारतील, पोरगा पट काढायला आला होता का, तर सांगणार आहे, नाही, पाया पडायला आला होता आणि ते मला कळलं होतं. पुढं जे व्हायचं ते होईल, तू सराव सोडून इकडे यायचं नाही. बॅगेचा बंद मी शिवून घेतलाय, दुहेरी टाका आहे, आता कुणी फेकली तरी तुटणार नाही. लालानं कागद पुढं केला की ती खांद्याला लाव आणि कराडला उतरलीस तशी शांतपणे उठून जा. खाली फरशी आहे, पोरी.

तुझाच,
आबा